बांधाआडचं दुखणं
(चोपडा येथील जिल्हा बैठकीत केलेलं भाषण)



आजच्या विषयपत्रिकेवर कापसाचा भाव आहे, विजेचं बिल आहे, पीकविम्याचे पैसे आहेत. शेवटचा विषय नुसता 'इतर' असा छापला आहे. तो आम्ही मुद्दाम तसा छापला. खरं नाव छापलं असतं तर निम्मा मांडव आत्ता चहाच्या टपरीवर दिसला असता. विषय आहे पुरुषांच्या लघवीचा. हसायचं ते आधी हसून घ्या, आम्ही थांबतो.

झालं? आता ऐका.

अनेरकाठच्या एका गावात संघटनेचे एक जुने कार्यकर्ते आहेत. नाव सांगत नाही. गोष्ट सांगायची परवानगी त्यांनी दिली आहे, नावाची नाही. आपण त्यांना आबा म्हणू. खानदेशात गावागणिक चार आबा असतात, त्यामुळे कोणाला पत्ता लागायचा नाही. आठ एकर कोरडवाहू, कपाशीत तूर, बाकी ज्वारी. मोर्चा कुठलाही असो, आबा आधी गाडीत आणि आम्ही मागून. दोन वर्षांपूर्वी आबांनी येणं बंद केलं. जळगावच्या मोर्च्याला निरोप आला, बैल आजारी आहे. धुळ्याच्या बैठकीला पाहुणे आले. तिसऱ्या वेळी निरोपच आला नाही. आम्ही काय केलं असेल? कार्यकर्ता येईनासा झाला की संघटनेत जे करतात तेच. आबांना कोणीतरी पुढाऱ्याने फोडलं, असा निष्कर्ष काढला आणि बैठकीत तसं बोलूनही गेलो.

मग मार्चमधल्या एका रात्री त्यांच्या मुलाचा फोन आला. संध्याकाळपासून लघवी उतरली नव्हती. पोट घागरीसारखं टणक झालेलं. गावातल्या एकाने 'उन्हाळी लागली' म्हणून इंजेक्शन टोचलं होतं आणि वर भरपूर पाणी प्यायला सांगितलं होतं. बांध फुटायला आलाय आणि वरून पाट सोडायचा, तसला तो इलाज. कापूस वाहायच्या पिकअपमध्ये गादी टाकून आबांना रात्री दोन वाजता दवाखान्यात नेलं. नळी टाकली. लिटरभरापेक्षा जास्त लघवी निघाली. रक्त तपासलं तर किडनीवर ताण आलेला. डॉक्टरांनी विचारलं, त्रास कधीपासून? आबा म्हणाले, काहीच नव्हता. दारात त्यांची बायको उभी होती. ती म्हणाली, "चार वर्षं झाली. रात्रीतून पाच वेळा उठतात. धोतर ओलं होतं म्हणून एस्टीत बसत नाहीत."

बैलाचं आजारपण ते हे होतं.

पुढे आम्ही त्यांना विचारलं, आबा, एकदा तरी बोलायचं होतं. ते म्हणाले, "हाई म्हातारपण शे, भाऊ. म्हातारपणनी तक्रार कोठे करानी?" आज ते या मांडवात बसलेत. कुठे ते शोधू नका.

आता हे म्हातारपण नेमकं काय आहे ते पाहू. आम्ही शेतकी पदवीधर, डॉक्टर नव्हे. पण आबांच्या निमित्ताने डॉक्टरांना विचारून, वाचून जे समजलं ते आपल्या भाषेत सांगतो. पुरुषाच्या लघवीच्या थैलीखाली, नळीच्या तोंडाशी एक गाठ असते. गाठ म्हणजे रोग नव्हे, तो शरीराचा भागच आहे. तिला प्रोस्टेट म्हणतात, पाठ्यपुस्तकात पुरस्थ ग्रंथी. तरुणपणी ती अक्रोडाएवढी असते. वीर्यातल्या पातळ भागाचा काही हिस्सा तिथे तयार होतो. लघवीची नळी या गाठीच्या मधोमध जाते, सगळी भानगड तिथेच आहे. चाळिशीनंतर गाठ हळूहळू वाढू लागते आणि आतली नळी दाबली जाते.

ठिबकची लॅटरल एका जागी पायाखाली दाबून धरली तर काय होतं? पुढे धार बारीक होते आणि मागे मोटारीवर दाब येतो. इथे मोटार म्हणजे लघवीची थैली. ती सुरुवातीला जास्त जोर लावते, तिचे स्नायू जाड होतात, म्हणून सारखी घाई लागते. काही वर्षांनी ती थकते. मग प्रत्येक वेळी थोडी लघवी आत शिल्लक राहायला लागते. त्या साठलेल्या लघवीत जंतू वाढतात, खडे होतात. दाब मागे किडनीपर्यंत पोचला की मोटारच जळते. आबांची मोटार जळता जळता वाचली.

हे काही नवं दुखणं नाही. सुश्रुताने लघवी अडण्याच्या रोगांमध्ये 'वाताष्ठीला' नावाचा एक प्रकार सांगितला आहे, त्यात दगडासारख्या टणक गाठीने वाट अडते. साठीच्या पुरुषांत साधारण निम्म्यांची गाठ वाढलेली असते, ऐंशीला पोचलेल्यांत दहातल्या आठांची किंवा जास्त. प्रत्येकाला त्रास होतोच असं नाही. मोठी गाठ असून मजेत असणारे असतात आणि लहान गाठीने हैराण झालेलेही असतात. ही वाढ म्हणजे कॅन्सर नव्हे आणि तिचा पुढे कॅन्सर होत नाही. कॅन्सर वेगळा, त्याच्यावर येतोच.

मग इतकं सर्रास असलेलं दुखणं दडून का राहतं? आपण पुरुष बांधाआड जातो आणि बांधाआडच सगळं सोडून येतो. बायांच्या बाबतीत मात्र गेल्या चाळीस वर्षांत काही ना काही हललं. गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० बायांची तपासणी केली. १९८९ साली ती प्रसिद्ध झाली. शंभरातल्या ९२ जणींना स्त्रीरोग होता आणि त्याआधी तपासणी झालेल्या होत्या शंभरात फक्त ८. जगभर डॉक्टरांचे डोळे उघडले. त्याच्या तीन वर्षं आधी, नोव्हेंबर १९८६ मध्ये, शेतकरी संघटनेच्या चांदवडच्या अधिवेशनात लाखो बाया आपल्या दुःखाबद्दल बोलायला जमल्या होत्या. गड्यांच्या दुखण्याचं चांदवड अजून झालेलं नाही. मोर्च्यात आपण मंत्र्याची गाडी अडवतो आणि दवाखान्यात 'लघवीचा त्रास आहे' एवढं वाक्य तोंडातून निघत नाही.

बोलल्याने काय होतं, असं कोणी म्हणेल. त्याला बार्शीचं उदाहरण आहे. बार्शी म्हणजे ज्वारीचा मुलूख, आपल्यासारखाच कोरडवाहू. तिथल्या नर्गिस दत्त स्मृती कॅन्सर रुग्णालयात १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. नोंदणीची माणसं गावोगाव फिरायची, कोण आजारी आहे ते विचारायची आणि सोबत गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरची लक्षणं समजावून सांगायची. नवी मशीन नाही, नवं औषध नाही, नुसतं पारावर बसून बोलणं. काही वर्षांनी दिसलं की बाया आधीच्या मानाने लवकरच्या टप्प्यात दवाखान्यात पोचू लागल्या. १९९५ साली ते प्रसिद्ध झालं. बार्शीच्या बायांना जे जमलं ते चोपड्याच्या गड्यांना जमायला हरकत नाही.

सुरुवात मोजण्यापासून करायची. शेतात आपण न मोजता काही करत नाही, निदान करू नये. शेतकी महाविद्यालयात आम्हाला पहिल्यांदा शिकवलं ते हे, की अळी दिसली म्हणून लगेच पंप पाठीवर घेऊ नको. आधी मोज. नुकसानीची पातळी ओलांडली तर फवार, नाहीतर पैसे वाचव. लघवीच्या त्रासालाही अशीच पातळी आहे. अमेरिकेतल्या मूत्ररोगाच्या डॉक्टरांनी १९९२ साली सात प्रश्न तयार केले, ते आता सगळीकडे वापरतात. गेल्या महिनाभरात लघवी झाल्यावरही थैली रिकामी झाली नाही असं वाटलं का? दोन तासांच्या आत पुन्हा जावं लागलं का? धार मध्येच थांबून पुन्हा सुरू झाली का? घाई आवरता आली नाही असं झालं का? धार बारीक झाली का? सुरू व्हायला जोर करावा लागला का? आणि रात्री झोपल्यापासून उठेपर्यंत किती वेळा उठावं लागलं? प्रत्येक प्रश्नाला शून्य ते पाच गुण. बेरीज सातपर्यंत असेल तर त्रास सौम्य, बहुतेकदा लक्ष ठेवणं पुरतं. आठ ते एकोणीस मध्यम. वीस ते पस्तीस म्हणजे गाडी काढा. सातच्या आत असूनही ज्याला त्रास सहन होत नाही त्याने दाखवायचंच. पातळी डॉक्टरांसाठी आहे, तुमच्या तक्रारीला कुलूप लावण्यासाठी नाही.

दुसरं मोजमाप पावसासारखं. एक प्लास्टिकचं मापाचं भांडं घ्या, कीटकनाशकाचं सोडून कुठलंही. तीन दिवस आणि तीन रात्री प्रत्येक वेळची लघवी मोजून वेळेसकट वहीत लिहा. पाणी, चहा किती घेतला तेही लिहा. याचा फायदा काय? दिवसरात्र मिळून जेवढी होते तिच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त रात्रीच होत असेल, तर दोष गाठीचाच असेल असं नाही. साखरेचा आजार, पायावरची सूज, हृदयाचा त्रास, झोपताना प्यायलेला तांब्याभर पाणी, यातलं काहीही असू शकतं. आणि दर वेळी अर्धी वाटीच होत असेल तर गोष्ट वेगळी. ही वही घेऊन गेलेल्या माणसाला डॉक्टर पाच मिनिटं जास्त देतात, हे आम्ही पाहिलं आहे. सातबारा घेऊन गेलं की तलाठ्याला टाळता येत नाही, तसं.

दवाखान्यात काय होतं तेही सांगतो, कारण निम्मी भीती न कळण्याची असते. लघवी आणि साखर तपासतात. किडनीसाठी रक्तातलं क्रिएटिनीन पाहतात. सोनोग्राफीत गाठीचा आकार आणि लघवी करून आल्यावर आत किती उरली ते दिसतं. ते दोन्ही आकडे विचारून वहीत लिहून घ्या. आणि हातमोजा घालून गुदद्वारातून बोटाने गाठ चाचपतात. मिनिटभराचं काम. ती मऊ आहे की कुठे दगडासारखी टणक लागते, ते बोटालाच कळतं. बोंड आतून किडलंय का ते तुम्ही दाबून ओळखता की नाही? त्यात अब्रू जात नाही.

औषधं मुख्यतः दोन तऱ्हेची. टॅमसुलोसिनसारखी गोळी नळीभोवतीचा ताण सैल करते, गुण थोड्या दिवसांत येतो. तिने एकदम उठल्यावर चक्कर येऊ शकते, म्हणून रात्री खाटेवरून उठताना आधी बसा, मग उभे राहा. मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं असेल तर ही गोळी चालू आहे हे डोळ्याच्या डॉक्टरांना आधी सांगा. तिने बुबुळ ढिलं पडतं आणि त्यांना तयारी वेगळी ठेवावी लागते. दुसरी फिनास्टेराइडसारखी, ती मोठी झालेली गाठ लहान करते, पण सहा महिने लागतात. महिनाभरात गुण नाही म्हणून सोडून देणारे पुष्कळ आहेत. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. सर्दीच्या कित्येक गोळ्यांनी, नाक मोकळं करणाऱ्या किंवा झोप आणणाऱ्या, गाठ वाढलेल्या माणसाची लघवी साफ अडू शकते. दारूनेही अडते. आबांनी त्या दिवशी सर्दीची गोळी घेतली होती.

आठवडे बाजारात तंबू ठोकून 'शक्ती'ची बाटली विकणारे असतात, त्यांच्याबद्दल आम्ही एवढंच म्हणू की बोगस बियाण्याची पावती तरी मिळते.

गोळ्यांनी भागलं नाही, वारंवार अडली, खडे झाले, रक्त येत राहिलं किंवा किडनीवर ताण आला, तर ऑपरेशन. बहुधा पोट न चिरता लघवीच्या वाटेनेच दुर्बीण घालून वाढलेला भाग खरवडून काढतात. आपल्या माणसाला भीती असते ती वेगळीच, पुरुषपण जाईल ही. या भीतीला मुळं आहेत. १९७६ साली आणीबाणीत माणसं धरून नसबंदीच्या टेबलावर चढवली गेली. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं, राष्ट्रपतींची सही झाली नाही म्हणून त्याचा कायदा झाला नाही. ज्याने तरुणपणी ते पाहिलं, तो आज सत्तरीच्या पुढे आहे आणि कमरेखालच्या ऑपरेशनचं नाव काढलं की उठून जातो. सरकारने कमावलेला हा अविश्वास आहे, त्यात त्याची चूक नाही. पण खरं काय ते मायबहिणींच्या देखत स्पष्ट बोलतो, त्यांनाही ते कळलं पाहिजे. या ऑपरेशननंतर बहुतेकांची ताकद आधी होती तशीच राहते. वीर्य मात्र बाहेर न येता बरेचदा मागे थैलीत जातं आणि लघवीवाटे निघून जातं. त्याने अपाय नाही. मूल राहणं अवघड होतं, म्हणून ज्याला अजून मूल हवंय त्याने आधी विचारावं.

आता कॅन्सर. सुरुवातीला तो काहीच लक्षण देत नाही, म्हणून धार बारीक झाली म्हणजे कॅन्सर हेही खोटं आणि धार चांगली आहे म्हणजे नाही हेही खोटं. बार्शीच्या नोंदीत मुंबई-पुण्याच्या मानाने प्रोस्टेटचा कॅन्सर कमी दिसतो. त्यात खेड्यात कोणी तपासत नाही हाही भाग आहे. पीएसए नावाची रक्ताची तपासणी आहे. ती कशी समजायची? कामगंध सापळ्यासारखी. सापळ्यात पतंग सापडले म्हणजे बोंडं किडलीच असं नाही. रोज आठ पतंग सलग तीन दिवस सापडले तर आपण बोंडं फोडून पाहतो. पीएसए साध्या गाठीने वाढतो, जंतूंनी वाढतो, नळी टाकल्यावर वाढतो, आणि फिनास्टेराइड चालू असेल तर निम्मा दिसतो. एका आकड्यावर घाबरून शेत विकायला निघू नका. आणि कित्येक कॅन्सर इतके संथ असतात की माणूस दुसऱ्याच कारणाने जातो, त्यामुळे तपासणी सरसकट सगळ्यांनी करावी असं आम्ही सांगत नाही. पन्नाशीनंतर डॉक्टरांशी बोलून ठरवा. बापाला किंवा भावाला झाला असेल तर पंचेचाळिशीतच बोला.

कंबरदुखी आपल्या पाचवीलाच पुजलेली. पोतं उचललं, कंबर धरली. पण म्हाताऱ्या माणसाची कंबर किंवा खुब्याचं हाड विश्रांती घेऊनही रात्री ठणकत असेल तर मालिश करत बसू नका. हा कॅन्सर हाडात उतरतो, मणक्यात विशेष. त्यात पाय लुळे वाटू लागले तर त्याच दिवशी दवाखाना. तेवढा उशीर झाला तरी इलाज आहे. पुरुषी संप्रेरक कमी केलं की हा कॅन्सर आक्रसतो, हे चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ साली दाखवलं. त्यांना १९६६ मध्ये नोबेल मिळालं. आजही इंजेक्शनने किंवा छोट्या ऑपरेशनने तेच करतात आणि कित्येकांना त्यावर वर्षं मिळतात.

फवारणीचा प्रश्न तुम्ही विचारणारच. अमेरिकेत आयोवा आणि नॉर्थ कॅरोलायना या राज्यांतल्या फवारणाऱ्यांचा अभ्यास १९९३ पासून चालू आहे. त्यात २०१३ साली दिसलं की मॅलॅथिऑन, टर्बुफॉस अशी काही औषधं वापरणाऱ्यांत प्रोस्टेटचा जहाल कॅन्सर थोडा जास्त होता. कारण सिद्ध झालं असा त्याचा अर्थ नाही. पण उघड्या अंगाने, वाऱ्याच्या तोंडाला फवारू नका हे सांगायला आम्हाला अमेरिकेची गरज नाही. २०१७ साली यवतमाळमध्ये फवारणीने किती घरं उजाड झाली ते आपण पाहिलं.

पाण्याचं एक राहिलं. लघवीला जावं लागू नये म्हणून आपले म्हातारे उन्हाळ्यात पाणीच पीत नाहीत. चोपड्याच्या उन्हात हे म्हणजे मुतखड्याला आवतण. दिवसा प्या. झोपेच्या आधी दोन तास मात्र चहा-पाणी आवरतं घ्या.

पैशाचं म्हणाल, तर जीवनदायी योजना २०१२ साली आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यात धुळे होतं, जळगाव पुढच्या वर्षी आलं. २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाली. रेशनकार्ड आणि आधार घेऊन दाखल होण्याआधी आरोग्यमित्राला विचारा, हे ऑपरेशन या दवाखान्यात योजनेत बसतं का. दाखल झाल्यावर नाही, आधी. आपल्या उपजिल्हा रुग्णालयातून चिठ्ठी घेऊन जळगावच्या किंवा धुळ्याच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात जाता येतं. धुळ्याला जायचं तर एकटं जाऊ नका, गावातले तिघे-चौघे मिळून एकच दिवस ठरवा. लघवी साफ अडली, लघवीत रक्त आलं, किंवा लघवीच्या त्रासात थंडी वाजून ताप भरला, तर मात्र दिवस ठरवत बसायचं नाही.

जेवणानंतर मागच्या खोलीत सात प्रश्नांचे कागद ठेवले आहेत. पाटी लावलेली नाही. ज्याला वाचता येत नाही त्याला आबा वाचून दाखवतील, म्हणजे आता ते कोण ते कळेलच, पण त्यांनीच तसं सांगितलं आहे. मायबहिणींनी घरच्या माणसासाठी कागद नेला तरी चालेल. तो किती वेळा उठतो ते तुम्हालाच माहीत असतं.

आणि एक ठराव कार्यकारिणीत कालच झाला आहे. यापुढे संघटनेची मोर्च्याची गाडी दर दीड तासाने थांबेल. कोणी हात वर केला नाही तरी थांबेल.